स्वस्त लिव्हर-ॲक्शन शोधणाऱ्या मित्रास

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. यंदा पेनसिल्व्हेनियात हरणाच्या मोसमाला लिव्हर-ॲक्शन (चापाभोवतीचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची रायफल) घेऊनच उतरायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. तुमच्याकडे हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल वर्षानुवर्षं चालत आलेली नाही, त्यामुळे घरोघरच्या कपाटांत थर्टी-थर्टी काडतुसाच्या (.३०-३०) लिव्हर-ॲक्शन पडून असतात. म्हणजे स्वस्त रायफल शोधायला तू योग्य राज्यात आहेस.

आधी कायद्याचं. तुझं ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे तुला अडचण नाही. पण तुझ्यासोबत येणारा तो मित्र अजून एच-वन-बीवर आहे ना? त्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो, पण तो परवाना आधी हातात हवा. हे त्याला नीट समजावून सांग, यात हयगय नको.

आता भाव का चढले ते. लिव्हर-ॲक्शन बनवणाऱ्या दोन जुन्या कंपन्या म्हणजे विंचेस्टर आणि मार्लिन. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. मार्लिन रेमिंग्टनकडे गेली, सुरुवातीच्या काही वर्षांत तिथल्या मालाचा दर्जा घसरला, आणि २०२० मध्ये रेमिंग्टनचंच दिवाळं निघालं. रुगरने मार्लिन विकत घेतली, तरी त्यांची पहिली रायफल २०२१च्या डिसेंबरात आली आणि ३३६ हे मार्लिनचं गाजलेलं मॉडेल तर २०२३ मध्ये. मधल्या काळात माल नाही आणि गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे जुन्या रायफलींना सोन्याचा भाव आला. रुगरची ३३६ उत्तम आहे, पण तुझ्या बजेटात बसणार नाही. नळीवर ‘जेएम’ मोहोर असलेली जुनी मार्लिन आता हौशी संग्राहकांच्या भावाने जाते.

म्हणून माझं सांगणं एकच: मार्लिनचं नाव शोधू नकोस, मार्लिनची यंत्रणा शोध. मार्लिन स्वतःचाच माल दुकानांसाठी दुसऱ्या नावांनी विकायची. ग्लेनफील्ड ३० आणि ३०ए म्हणजे आतून सरळ ३३६. फरक एवढाच की दस्ता अक्रोडाऐवजी साध्या लाकडाचा आणि त्यावरची नक्षी कोरलेली नाही, दाबून उमटवलेली. वेस्टर्न ऑटोची रेव्हलेशन २०० आणि जेसी पेनीची ३०४० याही त्याच भावंडांपैकी. सिअर्सची टेड विल्यम्स मॉडेल १०० मात्र विंचेस्टर ९४ आहे. दस्ता दिसायला साधा, म्हणून ही सगळी मंडळी मार्लिन-विंचेस्टर छापापेक्षा बरीच कमी किमतीत मिळतात. नळी तीच, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) तोच, सुटे भागही तेच बसतात.

साल ओळखायची युक्ती लक्षात ठेव. १९७३ पासूनच्या मार्लिनमध्ये रायफलीवर कोरलेल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे १०० मधून वजा कर. २७ ने सुरू होत असेल तर १९७३, २३ असेल तर १९७७. याचा आणखी एक उपयोग आहे. ५० वर्षं ओलांडलेली, मूळ स्वरूपातली रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे संग्राह्य जुनी वस्तू धरली जाते. त्यासाठीचा टाइप ०३ परवाना एटीएफ या केंद्रीय शस्त्र खात्याकडून तीन वर्षांना ३० डॉलरमध्ये मिळतो, आणि तो असला की अशी रायफल परराज्यातूनही थेट घरी मागवता येते. दोन-तीन सौद्यांतच दुकानदाराची ट्रान्सफर फी (रायफल नावावर करून द्यायचे पैसे) वाचून तो वसूल होतो. परवाना नसेल तर परराज्यातल्या खासगी माणसाकडून घेतलेली रायफल तुझ्या गावच्या परवानाधारक दुकानातून, फॉर्म ४४७३ हा खरेदीदाराच्या तपासणीचा अर्ज भरूनच घ्यावी लागेल.

विंचेस्टर ९४ चा मोह होणारच. १९६४ च्या आधीची सोडून दे, ती महाग. क्रमांक २७,००,००० पासून पुढची रायफल म्हणजे ६४ नंतरची. तिच्यात पत्र्याचा दाबून केलेला लिफ्टर (काडतूस नळीसमोर उचलणारा भाग) आणि पोकळ पिना आल्या म्हणून लोक नाक मुरडतात. पण ती चालते, आणि त्या नाक मुरडण्यामुळेच परवडते. एक अडचण खरी आहे: त्या काळातल्या रिसीव्हरवर (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या सांगाड्यावर) नेहमीचं ब्ल्यूइंग, म्हणजे निळसर-काळा मुलामा, धरत नाही, रंग विचित्र होतो. त्यामुळे रिसीव्हर डागाळलेला असेल तर तसाच वापर, पुन्हा रंगवायच्या भानगडीत पडू नकोस. शिवाय जुन्या ९४ मधून रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणून दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसत नाही. तुला दुर्बीण लावायची आहे, तेव्हा बाजूने काडतूस फेकणारी मार्लिनची भावंडंच बरी.

नवीनच हवी असेल तर ब्राझीलची रोसी. आर-९५ ही मार्लिन ३३६ च्या धर्तीवरची, थर्टी-थर्टीत. आर-९२ ही विंचेस्टर १८९२ ची नक्कल, .३५७ आणि .४४ मॅग्नममध्ये मिळते. पोलाद चांगलं, पण हातकाम कमी. आर-९२ च्या लोडिंग गेटच्या (काडतुसं भरायच्या बाजूच्या झाकणाच्या) कडा अंगठा कापतात. बारीक दगडावर त्या घासून गोल कर. इजेक्टरची (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असते, त्यामुळे लिव्हर जड लागते. हलकी स्प्रिंग मिळते, ती बसव. मॅगझिनमधला (बंदुकीच्या नळीखालच्या काडतुसांच्या नळीतला) काडतुसं ढकलणारा प्लास्टिकचा फॉलोअर बदलून धातूचा घातला की काडतुसं न अडकता सरकतात. एवढं एका संध्याकाळचं काम. हेन्री कंपनीचीही चांगली, पण स्वस्त म्हणता येणार नाही.

आता दुकानात हातात घेशील तेव्हा. विचारून रिकामी आहे ना हे स्वतः बघ, मग दस्त्याच्या मनगटाशी, रिसीव्हरला जिथे लाकूड मिळतं तिथे, चीर आहे का ते उजेडात तपास. नळीचं तोंड बघ: ९४ पुढूनच साफ करावी लागते, आणि सळई घासून तोंड झिजलं की नेम जातो, मग आतून नळी कितीही चकचकीत असो. मॅगझिनच्या नळीवर पोचा नको. घोडा पूर्ण चढव आणि चाप न दाबता अंगठ्याने मागून जोर दे. पडला तर रायफल तिथेच ठेव. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी अडाण्याने ती उघडली आहे असं समज.

दुकानदाराची परवानगी घेऊन पाच डमी काडतुसं भर आणि लिव्हर आधी सावकाश, मग झटक्यात चालव. मार्लिनमध्ये एक ठरलेला आजार आहे. लिव्हरची धारदार कड कॅरिअरला (काडतूस उचलणाऱ्या भागाला) घासून खाच पाडते, मग कॅरिअरची वेळ चुकते, मॅगझिनमधलं दुसरं काडतूस भलत्या वेळी बाहेर सरकतं आणि सगळं आवळून बसतं. उपाय आहे: कॅरिअर बदलायचा आणि लिव्हरची कड थोडी गोल करायची. म्हणजे हा दोष दिसला तर सौदा मोडू नकोस, भाव पाड. मार्लिनचा दुसरा फायदा असा की लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात आणि नळी मागून साफ करता येते. तेव्हा इजेक्टर सुटून पडतो, तो हरवू नकोस. परत लावताना त्याचं बोंड रिसीव्हरच्या भोकात बसलं का ते बघ.

शेवटचं काडतुसांचं. .३५ रेमिंग्टन किंवा .३२ विंचेस्टर स्पेशलमधली रायफल स्वस्त दिसली तरी भुलू नकोस. काडतुसं शोधता शोधता वाचलेले पैसे जातील. थर्टी-थर्टीच घे. आणि नळकांडी मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळी कधीही भरू नकोस. टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या ठिणगीच्या टोपीवर) टेकतं आणि धक्क्याने ते मॅगझिनमध्येच पेटू शकतं. चपट्या तोंडाची घे, किंवा हॉर्नाडीची मऊ टोकाची लेव्हरेव्होल्युशन.

आसपासच्या गहाणवटीच्या दुकानांत ऑगस्ट-सप्टेंबरातच चक्कर मार. नोव्हेंबर जवळ आला की हेच माल महाग होतात. पसंत पडली तर पैसे देण्याआधी क्रमांकाचे पहिले आकडे आणि नळीच्या तोंडाचा फोटो मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिकेत