चार मालकांची गाडी घ्यायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं 'काका'. माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांचे शेजारी, एवढीच आपली ओळख. तेवढ्यावर तुम्ही माझ्यासाठी तीन रविवार घातले. "आभार-बिभार ठेव तुझ्यापाशी," म्हणालात. ठेवले होते, पण राहवेना.

समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन दारांची गाडी बसली होती. नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणून जुनी ऑडी टीटी. बायकोचं म्हणणं, दारं अर्धी तर किंमतही अर्धी हवी. अशात एका डीलरकडे लाल टीटी दिसली. २०१३ची, नागपूरचीच पासिंग, मीटरवर अडतीस हजार, आणि भाव बाजारापेक्षा दीड लाखानं कमी. मी मोबाइलवर एमपरिवहन, म्हणजे गाडीची नोंद दाखवणारं सरकारी ॲप, उघडून तुमच्यापुढे धरला होता. "काका, सेकंड ओनर! कर्जाचा बोजा नाही, चलान नाही."

तुम्ही मोबाइलकडे पाहिलंच नाही. "गाडी घेऊन राहिला का आकडा?" एवढंच म्हणालात आणि डीलरकडचे सगळे कागद मागवले. गाडीचा फोटोसुद्धा तुम्ही मागितला नव्हता. तीस-पस्तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्यांचा सर्व्हे केलेला माणूस गाडी न पाहताच काय सांगणार, असं मनात आलं होतं. आता कबूल करतो.

तुमच्या ओसरीवर त्या दिवशी जे झालं ते मी अजून लोकांना सांगत असतो. तुम्ही कागद तारखेप्रमाणे लावले. पीयूसी दर ऑक्टोबरला न चुकता काढलेली, २०२३च्या ऑक्टोबरला मात्र नाही. पुढची थेट मार्च २०२४ची. पहिल्या मालकाचा विमा जानेवारी २०२४ला संपलेला, नूतनीकरण नाही. मार्चमध्ये आरसीवर दुसरं नाव चढलं आणि त्याच आठवड्यात नवी पॉलिसी निघाली, तीही फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरणारी, आपल्या गाडीचं नाही. जूनमध्ये गाडी डीलरकडे विकायला. "तीन महिन्यांत ऑडीचा कंटाळा आला बिचाऱ्याले," तुम्ही म्हणालात. मग थर्ड पार्टीच्या कागदावर बोट ठेवलंत. "ऑडीवर थर्ड पार्टी कोण घेते बाबू? खंड पडलेल्या गाडीचा फुल विमा काढाले गेलं की कंपनी पाहणीले माणूस पाठवते. याले तो माणूस नको होता."

आणि मग विचारलंत, "२३ सप्टेंबर २०२३ले तू कुठं होता?"

नागपूरकराला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. त्या शनिवारी पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली. आरसीवरचा पहिल्या मालकाचा पत्ता अंबाझरीच्या खालच्या अंगाचा होता. मी तो दहा वेळा वाचला होता, पण फक्त 'गाडी नागपूरचीच' एवढ्यासाठी.

तरी मी वाद घातला. मीटर अडतीस हजारच दाखवतंय, गाडी कमी चाललेली आहे, असं म्हणालो. तुम्ही म्हणालात, चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद माग. डीलरनं दोन दिवस टोलवलं, शेवटी प्रिंट दिली. जुलै २०२३ला, म्हणजे पुराच्या दोन महिने आधी, एकसष्ट हजार. मला वाटलं, मीटर मागे फिरवलंय. तुम्ही मान हलवलीत. "फिरवलं नाही. मीटर पाण्यात गेलं, दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं. ते त्या गाडीचे अडतीस आहेत."

मग कुठं आपण गाडी पाहायला गेलो. तुम्ही बॉनेट उघडलं नाही. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पार शेवटापर्यंत ओढलात. वरचा हातभर स्वच्छ, खालच्या भागावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ. डीलर सुगंधी स्प्रेबद्दल काहीतरी बोलत होता. तुम्ही पट्टा हळूच सोडलात आणि "चाल, पोहे खाऊ," म्हणालात. त्या माणसाला एक शब्दही बोलला नाहीत, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं. गाडी पाण्यातून काढून विकणं हा गुन्हा नाही, न सांगता विकणं हा आहे, आणि त्यानं न सांगताच विकायची हे ठरवलेलं आहे, मग बोलून काय, असं तर्री-पोहे खाता खाता सांगितलंत.

बुडालेल्या गाड्यांचा सगळा प्रवासही तेव्हाच कळला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा बोलीत जातो, कुणीतरी धुऊन-पुसून उभा करतो, आणि आरसीवर मालक फक्त एकानं वाढतो. मोबाइलवर जे 'दोन' दिसतं त्यात ती बोली दिसत नाही. सह्या करून ठेवलेल्या २९ आणि ३० नंबरच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मांवर गाडी तीन-चार हात फिरते, तेही दिसत नाही. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण सह्यांच्या फॉर्मांवर तारीख कोण घालतं! तुम्ही सांगितलेला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल मी नंतर वाचून काढला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्या-चौथ्याकडे गेली, आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं, आणि २००९च्या अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. माझी जुनी वॅगन आर मी चुलतभावाच्या मित्राला अशाच कोऱ्या फॉर्मांवर दिली होती. दुसऱ्याच दिवशी त्याला हाताला धरून आरटीओत नेला. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, लाज वाटली होती.

यानंतर मी पांढरी टीटी दाखवली ती केवळ तुमचा शब्द घ्यायचा म्हणून. २०१२ची, आधी बेंगळुरू, मग पुणे, शेवटी नागपूर. मालक चार. मला वाटलं, तुम्ही फाइल फेकून द्याल. तुम्ही मात्र ती दीड तास वाचत बसलात, मधे काकूंनी दोनदा चहा पाठवला. कर्नाटकातून बाहेर पडतानाची एनओसी, महाराष्ट्रात भरलेला टॅक्स, साठ हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची पावती, टायरची बिलं. एका पावतीवरचा किलोमीटरचा आकडा पुढच्या पावतीला जाऊन मिळत होता. प्रत्येक मालकानं आपली पावती लावून फाइल पुढच्याच्या हाती दिलेली. एका वर्षी एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, एकदम शून्य होता, तिथं मी दचकलो. तुम्ही म्हणालात, याच्या मालकालेच विचार.

आणि खरंच फोन लावायला लावलात, विकणाऱ्याला नाही, त्याच्या आधीच्याला. पुण्याचे डॉक्टर होते. नंबर फाइलीतल्याच एका बिलावर होता. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण ते उलट खुश झाले. "अजून त्याच फाइलमध्ये आहे का सगळं?" असं विचारलं. रात्री रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं, डाव्या बाजूचा फेंडर आणि दिवा गेला, त्याचा क्लेम घेतला, म्हणून एनसीबी शून्य. मी न विचारताच त्यांनी हे सांगितलं. विकली का, तर जुळी झाली आणि मागची सीट नावालाच. तुम्ही स्पीकरवर ऐकत होतात. फोन ठेवल्यावर फाइल मिटलीत आणि पहिल्यांदाच म्हणालात, "आता गाडी दाखव."

डाव्या फेंडरचा रंग उन्हात जरासा वेगळा दिसतो. मला तो आता आवडायला लागलाय.

बाकी हिशोब असा. भाव तुम्ही सांगितलात त्यापेक्षा पंधरा हजार जास्त गेला, तिथं मी कच्चा पडलो. २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा पुन्हा पासिंग करावं लागेल, ते डोक्यात आहे. आरसीवर पाचवं नाव माझं चढलं. फाइलीत माझी पहिली पावती लागली, मागच्या दोन टायरांची.

तुमची फी विचारली तेव्हा तुम्ही खरोखर चिडलात, म्हणून तो विषय बंद. पण रविवारी सकाळी सातला मी गाडी घेऊन दारात येतोय. पोहे खायला जाऊ, तेही माझ्या पैशानं. गाडी फार खाली आहे आणि तुमच्या गुडघ्यांचं मला ठाऊक आहे. बसताना काही त्रास नाही, उतरताना मी हात देईन. काकूंना सांगा, मागच्या सीटवर त्या मावणार नाहीत, पुढच्या रविवारी त्यांची पाळी.

तुमचा,
पाचवा मालक