डाव्या नाकाची म्हणून उजव्या नाकाची नथ पाठवल्याबद्दल तक्रार

फोंडा, गोवा
दि. ५ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन दागिने विक्री विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: ४ नोव्हेंबर २०२५ रोजी मागवलेला नथ व कुड्यांचा संच परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीला मी आजवर तीन मेल केले. २२ नोव्हेंबर, १ डिसेंबर आणि १२ डिसेंबर. तिन्हींना आलेलं उत्तर एकच, स्वल्पविरामासकट: "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपली विनंती परताव्याच्या मुदतीत बसत नाही." म्हणून आता कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. कागदाचं पाकीट फोडायला निदान माणूस तरी लागतो.

प्रकरण माझ्या भाचीच्या लग्नातलं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नांची रीघ सुरू होते, आणि हिचं २३ नोव्हेंबरला ठरलं होतं. मामा म्हणून काय द्यायचं, हे मी सरळ तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मामा, सोनं नको. सोनं बाबांनी केलंय, ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लॉकरात जाणार. मला घालता येईल असं काहीतरी दे. एखादी छानशी नथ चालेल." सोनं तोळ्याला लाखाच्या पलीकडे गेलेलं. तिचं बोलणं ऐकून मला मनातून हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि तिचं म्हणणं खरंही होतं. चवथीला, हळदीकुंकवाला, मैत्रिणींच्या लग्नात नऊवारी नेसली की नथ हवीच, आणि दर वेळी कोण लॉकर उघडायला बँकेत जाणार?

नथ निवडली माझ्या बायकोने. मी फक्त मोबाइल धरून बसलो होतो. एक अख्खी संध्याकाळ तिने तीस-चाळीस नथी पाहिल्या आणि तेवढ्या वेळात मला त्यातलं बरंच शिकवलं. भाचीचा चेहरा लहान, नाक सरळ, म्हणून ओठांवर येणारी मोठी नथ बाद. फार जड असेल तर तार भोकाला ओढते आणि मग दोरा लावून केसात अडकवावी लागते, म्हणून तीही बाद. चापाची नको, कारण चाप गर्दीत कधी निसटेल सांगता येत नाही, आणि हिचं डावं नाक कॉलेजात असतानाच टोचलेलं आहे. शेवटी तुमच्या साइटवरची एक नथ तिला पसंत पडली. वर्णन मी जसंच्या तसं उतरवतो: "पारंपरिक ब्राह्मणी नथ, टोचलेल्या नाकासाठी, डावी बाजू, ९२५ चांदीवर सोन्याचा मुलामा, सोबत मोत्यांच्या कुड्या." किंमत ३,४९० रुपये. वर भेटीच्या खास पॅकिंगचे १४९. एकूण ३,६३९ रुपये मी त्याच रात्री भरले.

पार्सल १३ नोव्हेंबरला आलं. वेळेत आलं, त्याबद्दल तक्रार नाही. आत मरून रंगाची डबी, तिला रिबीन, रिबिनीच्या गाठीवर तुमच्या नावाचं सील आणि खाली छापलेलं: "हे सील भेट स्वीकारणाऱ्यानेच उघडावं." आम्ही तुमचा शब्द पाळला. डबी देवापुढे ठेवली.

ती उघडली २१ तारखेला, चुड्याच्या दिवशी. तुमचं कार्यालय कुठेही असो, चुडा म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं. लग्नाआधी काकणकार येतो आणि नवरीचे दोन्ही हात हिरव्या काकणांनी भरतो. भाचीचा चुडा आमच्या घरी होता. अंगणात मांडव, पंधरा-वीस बायका, मधोमध पाटावर ती. हात भरून झाल्यावर मी कौतुकाने डबी पुढे केली. सील तोडलं, झाकण उघडलं आणि नथीच्या आधी बाहेर आला तुमच्या बिलाचा कागद. ३,४९० हा आकडा ठळक अक्षरात. ऑर्डर देताना "बिल आत ठेवू नये" या चौकोनात मी खूण केली होती, तिचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. मामाने किती रुपयांची भेट दिली हे आमच्या वाड्यावर कुणी विचारत नाही, मनातल्या मनात हिशेब करतात. तुम्ही तो हिशेब मोठ्याने वाचायला दिलात.

पण ते एक वेळ सोडून देऊ. भाचीने नथ नाकाशी धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आरसा मागवला. नथीची शेपटी गालाकडे वळायला हवी, ती वळत होती ओठांच्या मधोमध. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकणकार आपली टोपली आवरत होता, त्याने मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "बाय, ही नथ उजव्या नाकाची न्हय गे?"

मांडवात एवढी शांतता चुड्याच्या दिवशी मी पहिल्यांदाच ऐकली.

त्याच रात्री तुमच्या चॅटवर मी सगळं लिहिलं, फोटो पाठवले. तुमच्या प्रतिनिधीचा सल्ला असा: "सर, नथ फिरवून घाला." फिरवली की मागची बाजू पुढे येते. मोती ज्या तारांनी ओवलेत त्यांचे पीळ आणि खड्यांमागचा पत्रा लोकांना दिसतो. हे सांगितल्यावर दुसरा सल्ला आला: "उजव्या बाजूला घालून बघा." उजवीकडे भोक नाही, महाशय. लग्नाला एक दिवस उरलेला असताना पोरीचं दुसरं नाक टोचायला पाठवू काय?

उजव्या नाकाची नथ ही काही वाईट वस्तू नाही. दक्षिणेकडे कितीतरी बायका उजवीकडेच घालतात. कारागिराच्या हातून चुकून उलट बाजूची घडली असेल, किंवा तुमच्या गोदामातून डाव्याच्या जागी उजवी भरली गेली असेल, असंच मला पहिल्यांदा वाटलं. चूक कुणाच्याही हातून होते. लग्न उरकल्यावर मी तुमच्या साइटवरचे फोटो शांतपणे मोठे करून पाहिले, आणि माझं मत बदललं.

मी व्यवसायाने लग्नपत्रिका छापतो. बावीस वर्षं कंप्युटरवर चित्रं मागे-पुढे करतो आहे. तुमच्या पहिल्या दोन फोटोंत नुसता चेहरा आहे आणि नथ डावीकडे, झोकात. तिसऱ्या फोटोत मॉडेलचा खांदाही दिसतो. तिने नऊवारी नेसली आहे आणि पदर आहे उजव्या खांद्यावर. नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावर घेतलेली बाई तुम्ही कुठे पाहिलीत? फोटो उलटवला आहे. मुळात तिच्या पदराची जागा बरोबर होती आणि नथ उजव्या नाकात होती. म्हणजे तुमच्याकडे कुणालातरी ठाऊक होतं की वस्तू उजव्या बाजूची आहे. ती डाव्या बाजूची म्हणून विकायची होती, तेव्हा वस्तू न बदलता चित्र बदललं गेलं. कारागिराची चूक मी पोटात घातली असती. चित्र उलटवणाऱ्याने चूक केलेली नाही, त्याने ते ठरवून केलं आहे. माझी तक्रार आहे ती ह्याबद्दल.

माझ्या धंद्यात हा गुन्हा काय असतो ते सांगतो. पत्रिकेवरच्या गणपतीचं चित्र मजकुराच्या सोयीसाठी कधी उलटवायचं नसतं, कारण डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. उजव्या सोंडेचा गणपती कडक सोवळ्याचा मानतात, आणि यजमान पत्रिका हातात घेतल्या घेतल्या सोंड बघतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या पोराने नेमकं हेच केलं. तीनशे पत्रिका छापून झाल्या होत्या. मी त्या रद्दीत घातल्या आणि रात्रभर जागून तीनशे नव्या छापून दिल्या, माझ्या खर्चाने. गिऱ्हाइकाला "पत्रिका आरशात धरून वाचा" असं म्हणालो नाही.

आता धातूचं. डबीतल्या कार्डावर ९२५ हा आकडा आहे, नथीवर किंवा कुड्यांवर कुठेही नाही. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत असतं. संशय आला म्हणून मी नथ आमच्या शेटाकडे, म्हणजे सोनाराकडे, नेली. त्याने तारेचं टोक, जिथे कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, कसोटीच्या दगडावर घासलं आणि त्या रेघेवर ॲसिडचा थेंब टाकला. थेंब हिरवा झाला. "पितळ," एवढंच म्हणाला आणि नथ माझ्या हातात परत ठेवली. पैसे घेतले नाहीत. हा ओरखडा आमच्याकडून पडलेला आहे हे मी आधीच कबूल करतो, नंतर त्याचंच निमित्त नको.

पितळेवर मुलामा दिलेले दागिने बाजारात उघडपणे मिळतात, लोक हौसेने घेतात, माझ्या बायकोकडेही आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असला संच याच्या चौथाई किमतीत मिळाला असता आणि विकणाऱ्याने तोंडावर सांगितलं असतं की बाबा, हे पितळ आहे, घामाने काळं पडेल, अत्तर-पावडर आधी लावा आणि दागिना शेवटी घाला. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत मुलामा किती टिकतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पितळ पितळ म्हणून विका, हरकत नाही. सोन्याच्या दागिन्यांना १ एप्रिल २०२३पासून सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्क चालत नाही, गिऱ्हाईक तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरंखोटं बघू शकतं. चांदीला तो अजून ऐच्छिक आहे. त्या ऐच्छिकपणाच्या आडोशाला नुसत्या कार्डावर ९२५ छापायचं, हा मात्र हातचलाखीचा प्रकार झाला.

राहिली तुमची लाडकी मुदत. वस्तू पोचल्यापासून सात दिवस, म्हणजे २० नोव्हेंबर. आम्ही उघडली २१ला. तुम्हीच १४९ रुपये घेऊन सील लावता, तुम्हीच लिहिता की ज्याला भेट द्यायची त्यानेच ते उघडावं, आणि मुदत मात्र पार्सल दारात आल्यापासून मोजता. लग्नाची भेट कुणी आठवडाभरात उघडून तपासतं का? नाकात घालायच्या वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही, असंही तुमच्या नियमांत आहे. तो नियम मला मान्य आहे. पण ही नथ कुणाच्याही नाकात गेलेलीच नाही. जाईल कशी?

शिवाय तुमचे नियम देशाच्या नियमांच्या वर नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी किंवा सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. माझ्या पहिल्या मेलला महिना २२ डिसेंबरलाच झाला. तक्रार क्रमांक आजतागायत मिळालेला नाही.

तेव्हा माझं मागणं असं. ३,६३९ रुपये पूर्ण परत करावेत, पॅकिंगच्या १४९सकट, आणि संच तुमच्या खर्चाने घेऊन जावा. बदली नथ नको, लग्न झालं. साइटवरचा तो उलटा फोटो काढावा आणि वर्णनातला ९२५ हा आकडाही. आज सकाळी पाहिलं तेव्हा दोन्ही जागच्या जागी होते, म्हणजे अजून कुणाची तरी भाची वाटेत आहे.

हे पत्र पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही. फोंड्याहून मडगावला जायला मला बसचं तिकीट पुरतं. तुम्हाला वकील पाठवावा लागेल.

सोबत बिलाची प्रत, ऑर्डरचे व चॅटचे स्क्रीनशॉट, तुमच्या साइटवरच्या तिसऱ्या फोटोची छापील प्रत आणि नथीचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. पदरावर मी लाल पेनाने गोल केला आहे.

आपला,
फोंड्याचा एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि फोन नंबर ऑर्डरवर आहेत)

ता. क. लग्नात भाचीने माझ्या आईची जुनी नथ घातली. तिची तार झिजली होती, ती शेटाने रातोरात बदलून दिली. तुमचा संच तुमच्याच मरून डबीत ठेवला आहे. डबी परत द्यायची की नाही तेही कळवावं. सगळ्या ऑर्डरीत तेवढीच धड आली.