सामुराईंचं रक्त आणि ओटाची मेहनत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानच्या तलवारबाजांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळवलेल्या पाच पदकांबद्दल आपल्या क्रीडा पानावरचा लेख आवडीने वाचला. त्यातलं एक वाक्य मात्र मनाला लागलं: 'सामुराईंच्या देशात तलवार रक्तातच असते.' माझी मुलगी गेली सहा वर्षं फॉईल (तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एक, त्यातल्या हलक्या तलवारीचंही तेच नाव) खेळते, म्हणून हे लिहितो आहे.

सामुराईची तलवार दोन्ही हातांनी धरून वार करायची. फॉईल एका हातात धरतात आणि तिच्या टोकानं फक्त धडावर टोचायचं असतं. सामन्याआधी त्या टोकावर 500 ग्रॅमचं वजन ठेवून बघतात. आतल्या स्प्रिंगनं ते उचललं नाही, तर ते शस्त्र बाद. हा खेळ युरोपात घडला. सामुराई जपानला शतकानुशतकं होते, तरी 2008 पर्यंत ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीचं एकही पदक जपानकडे नव्हतं.

ते पहिलं पदक आणलं युकी ओटानं. त्याच्या वडिलांना या खेळाचं वेड. मुलानं तलवार हातात घ्यावी म्हणून त्यांनी त्याला व्हिडिओ गेमचं आमिष दाखवलं होतं. पुढे ओलेग मात्सेइचुक हे युक्रेनचे प्रशिक्षक आले, बीजिंगआधी जवळपास 500 दिवसांचं शिबिर झालं. ओटा तेव्हा नुकताच पदवीधर झाला होता आणि हाताला नोकरी नव्हती. उपांत्य फेरीत त्यानं इटलीच्या सांझोला 15-14 असं हरवलं. अंतिम लढत तो जर्मनीच्या क्लाइब्रिंककडून हरला, पण देशाला पहिलं रौप्य मिळालं.

लंडनमध्ये 2012 साली सांघिक उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध एकच सेकंद उरला असताना त्यानं बरोबरी साधली. जादा वेळेत व्हिडिओ पुन्हापुन्हा बघितला गेला आणि जपान 41-40 नं जिंकला. ती चित्रफीत आमच्या घरी इतक्यांदा लागली आहे की मुलीच्या आजीलाही निकाल तोंडपाठ आहे. 2015 मध्ये मॉस्कोत तो जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी रिओत पहिल्याच लढतीत हरला आणि त्यानं खेळणं थांबवलं.

माझ्या मते त्याची खरी कामगिरी यानंतर सुरू होते. 2017 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो जपानच्या महासंघाचा अध्यक्ष झाला. रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळाडूनं का म्हणून जीव तोडून खेळायचं, हा प्रश्न त्यानं धसास लावला. 2018 ची राष्ट्रीय अंतिम लढत त्यानं टोकियोत चक्क नाट्यगृहात नेली. दिव्यांची रोषणाई केली, खेळाडूंच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले. सगळी तिकिटं खपली. प्रशिक्षक परदेशी, पंच परदेशी, तेव्हा त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे म्हणून राष्ट्रीय निवडीसाठी इंग्रजीची परीक्षा घेणार असंही त्यानं 2019 मध्ये जाहीर केलं. त्यावरून वाद झाला. मला तो निर्णय पटतो. कोच काय सांगतोय ते कळलं नाही, तर मूल मान डोलावतं आणि तीच चूक पुन्हा करतं, हे मी पिस्टशेजारी (ज्या पट्टीवर लढत होते तिच्याशेजारी) बसून पाहिलं आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये एपीच्या (तलवारबाजीचा आणखी एक प्रकार) पुरुष संघानं जपानला या खेळातलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं, त्यांचे प्रशिक्षकही युक्रेनचेच. पॅरिसमध्ये पुरुषांच्या फॉईल संघानं सुवर्ण जिंकलं तेव्हा मार्गदर्शक होते फ्रान्सचे एर्वान ल पेशू. यात रक्ताचा भाग किती आणि बाहेरच्याकडून शिकण्याच्या तयारीचा किती, हे आपणच ठरवावं.

तलवारीचा वारसा आपल्याकडे काय कमी आहे? मर्दानी खेळ आजही कोल्हापुरात तालमींतून शिकवले जातात, त्याचा मला अभिमान आहे. पण आपल्या भवानी देवीनं सेबर या तिसऱ्या प्रकारात, 2023 च्या आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत, जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला 15-10 असं हरवलं, ते वर्षानुवर्षं परदेशात राहून, सराव करून. त्या रात्री आमच्या क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर कुणी झोपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी शोधावी लागली.

म्हणून एक विनंती आहे. आमच्या जिल्हा स्पर्धेला दीडशेच्या आसपास मुलं-मुली येतात. पुढच्या वेळी आपला वार्ताहर पाठवावा आणि विजेत्यांची नावं दोन ओळींत का होईना, छापावीत. मुली ती कात्रणं किट-बॅगेत जपून ठेवतात.

आपला नम्र,
एक पालक, नाशिक