बाबा, पोवाड्याचा तिसरा चौक पाठवा

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
12 जून

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गुडघा कसा आहे? दादा फोनवर 'बरा आहे' एवढंच सांगतो. तू खरं काय ते कळव. इथं पाऊस धरलाय, बाकी सगळे ठीक.

बाबा, आपल्या पेठेतलं शाहिरी पथक पुन्हा उभं राहिलंय. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, तेव्हा फोनवर तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं ते थिएटर आम्ही खासबागेच्या बाजूला उभं राहून डोळ्यांदेखत जळताना बघत होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथंच विषय निघाला, की थिएटर होईल तेव्हा होईल, तालमीचा कट्टा तर आहे.

आता रोज जेवणं झाली की तालमीत बसतो. आठ जण आहोत, त्यांत तीन मुली. मी शाहिरामागं सुरात झील धरते. तुमचं तुणतुणं माळ्यावरून काढून नवी तार चढवली. डफाचं मात्र रोजचं काम आहे. या हवेत कातडं ढिलं पडतं, शेगडीवर धरून तापवल्याशिवाय बोलतच नाही. पोरं फायबरचा घेऊया म्हणत होती, मी हट्टानं नको म्हटलं. तापल्या कातड्यावर थाप पडली की लहानपणी तुमच्या मांडीला टेकून बसायचे ते आठवतं.

26 जूनला शाहू जयंतीला तुमचाच पोवाडा करायचाय. कागलच्या घाटग्यांचा यशवंत 1884 ला दत्तक येऊन शाहू महाराज होतो तो पहिला चौक बसलाय. राधानगरी धरणाचाही बसलाय. अडलंय ते तिसऱ्यावर. 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांना देणारा. तुमची वही 2019 च्या पुरात भिजली, नेमकी तीच पानं चिकटली, शाई फुटली. मी उन्हात वाळवून एकेक पान सोडवायला बघितलं, पण फाटायला लागलं तशी थांबले. दुसरं कुणीतरी नव्यानं लिहून देतो म्हणालं. मला ते नको. महाराजांच्या बाकीच्या कामांचे पोवाडे पुष्कळ आहेत, पण तो जाहीरनामा ऐकताना आपल्या गल्लीतली म्हातारी माणसं डोळे पुसायची, ते तुमच्या शब्दांनी.

दादाच्या मोबाईलवर गाऊन पाठवा. आवाज कापला तरी चालेल, चाल कळली पाहिजे. आई, चुलीपाशी बसून तुझाही तो पाठ झालाय, मला माहीत आहे. बाबा अडले तर पुढची ओळ तू घे.

आठवड्यात मिळाला तर बसवायला वेळ राहील. औषधं वेळेवर घ्या.

तुमची लेक