अमेरिकेच्या आजच्या पेचांची मुळे जुन्या कलमांत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या राजकारणावर मराठी वृत्तपत्रांत येणारा मजकूर बहुतेक वेळा माणसांभोवती फिरतो. अध्यक्ष काय म्हणाले, कोणता उमेदवार कसा हरला, कोणत्या न्यायाधीशाची नेमणूक कोणी केली. हे छापायलाच हवे. पण तेवढ्यावर थांबले की वाचकाला वाटते, माणसे बदलली की प्रश्न सुटतील. प्रत्यक्षात तिथले बरेचसे पेच कुठल्या तरी जुन्या कलमातून किंवा नियमातून आलेले आहेत. एखादा तंटा मिटवायला तडजोड झाली, तंटा इतिहासजमा झाला आणि कलम तेवढे मागे राहिले. ते कलम आणि त्याचे साल सांगितल्याशिवाय बातमी अर्धीच राहते, म्हणून हे पत्र.

अध्यक्षीय निवडणूकच घ्या. २००० साली अल गोर यांना देशभरात जास्त मते मिळाली, तरी फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकावर जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त होती, त्या हरल्या. १८२४, १८७६ आणि १८८८ मध्येही असेच घडले होते. याला कारण असलेले निर्वाचक मंडळ (प्रत्येक राज्याला ठरावीक मते देऊन अध्यक्ष निवडण्याची व्यवस्था) १७८७ साली फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत ठरले. लहान राज्यांची धास्ती, दूरदूरच्या मतदारांना उमेदवार माहीत नसणे, अशी कारणे त्यामागे होतीच. पण एक कारण जेम्स मॅडिसन यांनी परिषदेतच उघड बोलून दाखवले होते: थेट मतदान घेतले तर दक्षिणेला गुलामांच्या संख्येचा काहीच फायदा मिळणार नाही. गुलामांना मत नव्हते, मात्र प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची, असा करार झाला होता. निर्वाचक मंडळात राज्याची मते म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन. त्यामुळे हीच मोजणी अध्यक्षाच्या निवडीतही शिरली. १८०४ च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र नागरिक जास्त असूनही त्या राज्याला २० मते होती आणि व्हर्जिनियाला २४. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, त्यासोबत तीन-पंचमांशही गेले, आणि इथून पुढचा भाग आपल्याकडे फारच कमी लिहिला जातो. तेराव्या (१८६५), चौदाव्या (१८६८) आणि पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि पुरुषांना मताचा हक्क मिळाला. जागांसाठी त्यांची मोजणी आता पूर्ण होऊ लागली. मग १८७६ ची निवडणूक अडकली. टिल्डन यांच्याकडे १८४ निर्वाचक मते, हेस यांच्याकडे १६५ आणि २० मते वादात. १५ जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा फरकाने सगळी वादग्रस्त मते हेस यांना दिली आणि ते १८५-१८४ असे जिंकले. हा वाद मिटवताना झालेल्या समझोत्याच्या काळातच दक्षिणेतल्या राज्यसरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले. राज्ये मोकळी झाली.

त्यांनी काय केले ते मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेत बारकाईने पाहता येते. राज्यात तेव्हा कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. पंधरावी घटनादुरुस्ती वर्णावरून मत नाकारू देत नव्हती, म्हणून वर्णाचा शब्दही न काढता कलमे लिहिली गेली. मत द्यायचे तर दोन डॉलर कर भरण्याची अट आली. घटनेतला कोणताही उतारा वाचता आला पाहिजे किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा ‘वाजवी’ अर्थ सांगता आला पाहिजे, अशी अट आली. अर्थ वाजवी की नाही, हे नोंदणी करणारा गोरा अधिकारी ठरवणार. शिवाय मताचा हक्क कायमचा घालवणाऱ्या गुन्ह्यांची यादी आली. तिच्यात चोरी, जाळपोळ, खोट्या बतावणीने पैसे किंवा माल घेणे, द्विभार्या हे गुन्हे होते. खून आणि बलात्कार नव्हते. कृष्णवर्णीय कोणत्या गुन्ह्यांत जास्त सापडतात, याबद्दलच्या तेव्हाच्या समजुतीवर ती यादी बेतलेली होती. लुइझियानाने १८९८ साली आणखी एक युक्ती काढली: १ जानेवारी १८६७ रोजी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताचा हक्क होता त्याला परीक्षा माफ. त्या दिवशी तिथल्या कृष्णवर्णीयांना मत नव्हते. १८९६ साली लुइझियानात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३४२ उरले.

याचा हिशेब मांडून पाहा. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेला मत नसलेल्या माणसामागे तीन-पंचमांश वजन मिळत होते. आता मत हिरावलेल्या माणसामागे पूर्ण एक मिळू लागले. मताचा हक्क नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कमी कराव्यात, असे चौदाव्या दुरुस्तीचा दुसरा विभाग स्पष्ट सांगतो. तो आजवर एकदाही अमलात आणलेला नाही. सिनेटच्या जागा या मोजणीवर ठरत नसल्या, तरी कृष्णवर्णीयांचे मत हिरावलेले असल्याने दक्षिणेचे सिनेटर वर्षानुवर्षे निवडून येत राहिले, ज्येष्ठतेच्या नियमाने समित्यांचे अध्यक्ष झाले आणि नागरी हक्कांची विधेयके तिथेच अडवत राहिले. १९६९ साली प्रतिनिधिगृहाने निर्वाचक मंडळ रद्द करून थेट मतदानाची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती. अध्यक्ष निक्सन यांचा पाठिंबा होता. १९७० मध्ये सिनेटमध्ये लांबणभाषणांनी, म्हणजे चर्चा संपूच न देता मतदान टाळून, ती रोखली गेली. चर्चा थांबवण्याच्या बाजूने ५४ आणि विरोधात ३६ मते पडली. हवे होते दोन-तृतीयांश. रोखणाऱ्यांत दक्षिणेचे सिनेटर पुढे होते. २००० आणि २०१६ च्या निकालांकडे पाहताना १९७० चा तो सप्टेंबर आठवायला हवा.

१९६५ चा मतदान हक्क कायदा हा या कहाणीतला खरा बदल. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी १९६५ साली सुमारे ७ टक्के होती, ती दोन वर्षांत ६० टक्क्यांच्या घरात गेली. नुसत्या सदिच्छेने हे झाले नसते. केंद्राचे नोंदणी अधिकारी प्रत्यक्ष जिल्ह्यांत जाऊन बसले म्हणून झाले. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ५-४ अशा निकालाने, कोणत्या राज्यांना मंजुरी लागते ते ठरवणारे सूत्र रद्द केले. पाचवे कलम कागदावर राहिले, पण लागू कोणाला करायचे हेच उरले नाही. टेक्सासने त्याच दिवशी मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचे करणारा, आधी अडवलेला कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. त्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालत होता, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते. मिसिसिपीची १८९० ची ती गुन्ह्यांची यादीही संपलेली नाही. तिच्यातून १९५० साली घरफोडी वगळली, १९६८ साली खून आणि बलात्कार घातले, बाकी सांगाडा तोच. गेलेला हक्क परत मिळवायचा तर राज्यपालाची माफी लागते, नाहीतर त्या एका माणसासाठी विधेयक मांडून दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतात.

सिनेटबद्दल थोडक्यात. प्रत्येक राज्याला दोन जागा, हा समझोता जुलै १७८७ चा. तेव्हाचे सर्वांत मोठे राज्य सर्वांत लहान राज्याच्या साधारण १३ पट होते. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्निया (सुमारे ३ कोटी ९५ लाख) वायोमिंगच्या (सुमारे ५ लाख ७७ हजार) ६८ पट होता. वॉशिंग्टन शहरात वायोमिंगपेक्षा जास्त माणसे राहतात आणि त्यांना एकही सिनेटर नाही. हे बदलणे जवळजवळ अशक्य आहे, कारण कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही, असे घटनेचे पाचवे कलमच सांगते. इतर घटनादुरुस्त्यांनाही ५० पैकी ३८ राज्ये लागतात. १३ राज्यांनी नकार दिला की विषय संपला. त्यावर सिनेटचा ६० मतांचा नियम: चर्चा थांबवून विधेयक मताला आणायचे तर १०० पैकी ६० मते लागतात. तो घटनेत नाही. चर्चा मताने थांबवण्याची सोय १९१७ साली आली आणि आजचे ६० चे प्रमाण १९७५ चे आहे. अध्यक्ष निवडून येतो, आश्वासने पूर्ण करत नाही, लोक चिडतात. या चक्रात अध्यक्षाच्या स्वभावापेक्षा या आकड्याचा वाटा मोठा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

मतदारसंघांच्या आखणीचा वाद तर १८१२ सालच्या मॅसॅच्युसेट्सपासूनचा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीत केंद्रीय न्यायालये पडणार नाहीत. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला आणि उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपला बदलून घेतला, ते या निकालामुळे सोपे झाले.

घर आणि शाळा हा दुसरा मोठा धागा, आणि इथे एक दुरुस्तीही करायची आहे. हल्ली लोकप्रिय लेखांत १९३० च्या दशकातल्या रंगीत नकाशांना सगळा दोष दिला जातो. गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे हिरवा, निळा, पिवळा, लाल असे नकाशे केले हे खरे. प्रत्येक वस्तीच्या तपशीलपत्रकात ‘निग्रो’ असा रकाना होता आणि त्याखाली ‘कोणाची घुसखोरी’ असा दुसरा. पण या महामंडळाने कृष्णवर्णीयांनाही कर्जे दिली होती. दीर्घकाळचे नुकसान केले ते १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने. त्याआधी घरासाठी अर्धी रक्कम रोख भरून तीन-पाच वर्षांत कर्ज फेडावे लागे. या संस्थेच्या हमीमुळे २० टक्के भरून २० वर्षे मुदत मिळू लागली. हमी कोणाला द्यायची हे तिच्या नियमपुस्तिकेत होते, आणि मिश्र वस्ती म्हणजे जोखीम असे ती पुस्तिका मानत असे. डेट्रॉइटच्या आठ मैल रस्त्याजवळ १९४१ साली एका विकासकाने कृष्णवर्णीय वस्ती आणि आपली नवी जमीन यांच्यामध्ये सहा फूट उंच, एक फूट जाड, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली. भिंत झाल्यावर त्याच्या घरांना सरकारी हमी मिळाली. भिंत आजही उभी आहे.

१९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरवला, पण तोवर एका पिढीने घरे घेऊन झाली होती आणि त्यांच्या किमती वाढून झाल्या होत्या. मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून घराची किंमत मुलाच्या वर्गापर्यंत पोहोचते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत १९६७-६८ साली एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या विभागाने दर शंभर डॉलर मालमत्तेवर १.०५ डॉलर कर घेतला आणि स्थानिक करातून एका विद्यार्थ्यामागे २६ डॉलर जमले. श्रीमंत अलामो हाइट्सने ८५ सेंटच घेतले आणि ३३३ डॉलर जमले. पालक न्यायालयात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५-४ असा निकाल दिला की शिक्षण हा संघीय घटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून हा लढा प्रत्येक राज्याच्या न्यायालयात वेगवेगळा लढावा लागतो.

नोकरी गेली की आरोग्यविमा जातो, याचेही साल आहे. १९४२ च्या युद्धकालीन कायद्याने पगारवाढ गोठवली, विमा मात्र त्यातून सुटला. माणसे टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या आणि १९५४ च्या करसंहितेने ती रक्कम करमुक्त असल्यावर शिक्कामोर्तब केले. सरकारी कामकाज ठप्प होण्याचा प्रकार तर आणखी अलीकडचा. १८८४ च्या एका खर्चविषयक कायद्याचा महान्यायवादी सिव्हिलेटी यांनी १९८० मध्ये कडक अर्थ लावला, तेव्हापासून निधी संपला की कचेऱ्या बंद. २०२५ मध्ये त्या ४३ दिवस बंद होत्या.

सगळे काही १७८७ सालीच ठरून गेले होते, असे आमचे म्हणणे नाही. १९६५ ने ते खोटे ठरवले आहे, आणि ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरील हल्ल्यानंतर निर्वाचक मतांच्या मोजणीचा १८८७ चा संदिग्ध कायदा २०२२ मध्ये दुरुस्तही झाला. आता मतांवर आक्षेप घ्यायला प्रत्येक सभागृहाचे एक-पंचमांश सदस्य लागतात. आधी एकेक पुरे होता.

म्हणून एक विनंती. अमेरिकेतल्या निवडणुकांचे वार्तांकन करताना उमेदवारांच्या छायाचित्रांशेजारी एक छोटी चौकट द्यावी: त्या राज्यात मतदार नोंदणीची मुदत कोणती, कोणते ओळखपत्र चालते, शिक्षा भोगलेल्याला मत आहे का, मतदारसंघ विधिमंडळ आखते की स्वतंत्र आयोग, आणि हे नियम कोणत्या साली झाले. ही माहिती प्रत्येक राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि राज्यघटनेत खुली आहे. सुरुवात मिसिसिपी, टेक्सास आणि जॉर्जिया यांपासून करता येईल.

आपले,
अमेरिकेच्या इतिहासाचे काही अध्यापक