गरुडाला रोपे नकोत, रान हवे : फिलिपिन्सच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण व नैसर्गिक संसाधन मंत्री,
फिलिपिन्स सरकार, मनिला

स. न. वि. वि.

1995 मध्ये तुमच्या देशाने ज्याला राष्ट्रीय पक्षी केले, त्या फिलिपिन्स गरुडाच्या जेमतेम चारशे जोड्या उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. लुझॉन, समार, लेते आणि मिंडानाओ या चार बेटांपलीकडे तो जगात कुठेच नाही. म्हणून हे पत्र तुम्हालाच.

दावावच्या प्रजनन केंद्राचे काम मोठे आहे. 1992 मध्ये पग-असा हे पिल्लू जन्मले तेव्हा पक्षिमित्रांना किती धीर आला! पण केंद्रात वाढलेला गरुड सोडायचा कुठे, हा प्रश्न तुमच्या खात्याचा आहे.

त्याचे घरटे पाहा. लाउआनच्या जातकुळीतले जुने, अवाढव्य झाड. उंचावरच्या बेचक्यात नेच्यांचा गुंता, त्यावर काटक्यांची रुंद बैठक. त्यात अंडे एकच. सुमारे दोन महिने ते उबवायचे. पुढे पिल्लू उडू लागले तरी वर्षभर पोसायचे आईबापांनीच. त्यामुळे जोडी साधारण दोन वर्षांतून एकदाच अंडे घालते. मध्येच कुणी बंदूक चालवली, की सगळे मुसळ केरात. मिंडानाओत त्याची मुख्य शिकार म्हणजे काग्वांग, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा आणि दिवसा ढोलीत नाहीतर खोडाला बिलगून झोपणारा प्राणी. एका जोडीला 4,000 ते 11,000 हेक्टर रान लागते, ते यासाठी.

आणि आपण काय लावतो? तुमचा राष्ट्रीय हरितीकरण कार्यक्रम 2011 मध्ये सुरू झाला तेव्हा 15 लाख हेक्टरवर 150 कोटी रोपांचे लक्ष्य होते. ओळीने लावलेल्या कोवळ्या महोगनीत आणि शिवणीत ना ढोली, ना घरट्याजोगा बेचका. (आकडा फुगवायला रोपासारखे सोयीचे काही नाही, हा रोग आमच्याकडेही आहे.)

त्याच वर्षी नैसर्गिक जंगलातली तोड थांबवणारा आदेश निघाला. आदेश एका सहीने मागे घेता येतो, म्हणून त्याचा कायदा करा. खाणीला परवाना देण्याआधी घरट्यांचा नकाशा टेबलावर असू द्या. बरीच घरटी आदिवासींच्या पूर्वापार जमिनीवर आहेत. तिथल्या वनरक्षकांना देणग्यांच्या भरवशावर न ठेवता सरकारी पगार द्या.

आणि पुढच्या वार्षिक अहवालात रोपांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना हवा : जुने जंगल किती हेक्टर उरले, बेटवार.

आपला,
एक पक्षिमित्र