आधी पऱ्हाटीचा भाव सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि आता दारव्हा तालुक्यात कापूस लावतो. म्हणून हे पत्र.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीसोबत एक पद्धत शोधल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं होतं. भात, गहू, मका यांच्या काडावर जिवाणूंचं मिश्रण सोडायचं, आधी हायड्रोजन घ्यायचा आणि उरलेल्यातून मिथेन. काम अस्सल आहे. पण आमच्या भागात भात नाही, आणि सोयाबीन, तूर, हरभरा यांचं कुटार गुरांच्या तोंडचं. त्याला कचरा म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्यात आमच्या गोठ्यात येऊन उभं राहावं.

आमच्याकडे खरोखर उरते ती पऱ्हाटी, म्हणजे वेचणी संपल्यावर उभी राहिलेली कापसाची वाळकी झाडं. ती जवळजवळ लाकूडच. तिच्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, अशा जिवाणूंना सहज पचत नाही. तिला गॅसिफायर हवा. बेताच्या ऑक्सिजनमध्ये तापवायची, वाफ सोडायची आणि निघालेल्या वायूतून हायड्रोजन वेगळा करायचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने याच वाटेने एक किलो जैवभारापासून (काडीकचरा, लाकूड असा वाळका माल) १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवल्याचं २०२२ मध्ये सांगितलं. एक किलो जैवभारात मुळात हायड्रोजन असतो साधारण ६० ग्रॅम. बाकीचा वाफेच्या पाण्यातून येतो.

हे वाचलं आणि जुन्या सवयीने पाटीवर युरिया खताचं गणित मांडलं, कारण त्यालाही हायड्रोजनच लागतो. युरियाचा एक रेणू करायला अमोनियाचे दोन, म्हणजे हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. ६० ग्रॅम युरियाला ६ ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे ४५ किलोच्या पोत्याला साडेचार किलो. आणि साडेचार किलो हायड्रोजनसाठी पऱ्हाटी लागेल ४५ किलो. पोत्याला पोतं! हा कागदावरचा हिशेब झाला. ओलावा, गळती, यंत्रांना लागणारी वीज धरून दुप्पट, अगदी तिप्पट पऱ्हाटी लागू द्या. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात आज हाच हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. हायड्रोजनवरच्या बसचे फोटो सगळीकडे छापून येतात, युरियाचं नाव कुणी काढत नाही.

आता धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा हिशेब. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेलं वाढीव पीक) घेऊ नका, गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून पऱ्हाटी वेळेत काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बरोबरच सांगतो. पण चिमट्याने एकेक झाड उपटायला मजूर लागतात आणि त्या मजुरीच्या बदल्यात हातात एक रुपया येत नाही. पूर्वी चुलीला तरी जायची, आता तेवढी लागत नाही. ट्रॉली भरली की दिसायला डोंगर, काट्यावर काहीच नाही. तीस-चाळीस किलोमीटर नेली तर डिझेलच पऱ्हाटी खाऊन टाकतं. शेवटी धुऱ्यावर ढीग आणि काडेपेटी.

केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. पहिल्या निविदेत जैवभारापासूनच्या हायड्रोजनसाठी वर्षाला ४०,००० टनांची जागा वेगळी राखली होती. त्यातली जेमतेम २,००० टन भरली. मला नवल वाटलं नाही. कारखानदाराला माल वर्षभर हवा, आमची पऱ्हाटी दोन महिन्यांत निघते, आणि मधे ती गोळा करणारा, कुट्टी करून दाबणारा, साठवणारा कुणीच नाही. पैसा हायड्रोजनच्या टाकीवर लागतोय. तो थोडा धुऱ्याकडे वळवा.

माझं मागणं एवढंच. कापसाच्या पट्ट्यात तालुक्याला एक संकलन केंद्र असावं. उपटणी आणि कुट्टीची यंत्रं भाड्याने मिळावीत. हंगामाच्या आधी क्विंटलचा भाव जाहीर व्हावा आणि काट्यावरच पैसे चुकते व्हावेत. गॅसिफायरची राख आम्हाला परत मिळावी, तिच्यात आमच्याच जमिनीचं पालाश (पोटॅश) आहे.

यंदा एका एकराची पऱ्हाटी मी न जाळता धुऱ्यावर रचून ठेवली आहे. पाडव्याच्या आत कुणी काटा घेऊन आलं तर ठीक, नाहीतर ती पेटवावी लागेल.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ